लिफ्ट मागून प्रवास

लिफ्ट मागून प्रवास म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी वाहनाला हात करून, भाडे न ठरवता, चालकाच्या संमतीने काही अंतर त्या वाहनातून जाणे होय. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला हिचहायकिंग म्हणतात. तेथे तो प्रामुख्याने तरुण पर्यटकांचा हौशी प्रवास समजला जातो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः मराठवाड्याच्या कडेच्या डोंगराळ तालुक्यांत, तो हौसेपेक्षा गरजेतून होतो. शेवटची एसटी निघून गेलेली असते, पुढची सकाळी असते, आणि फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला घरी पोहोचायचे असते. नांदेड जिल्ह्यातील माहूर तालुका हे अशा प्रवासाचे ठळक उदाहरण आहे. हा प्रवास कितपत सोयीचा आणि कितपत सुरक्षित, या प्रश्नाचे उत्तर चालकाच्या भलेपणाइतकेच वाहनाच्या प्रकारावर आणि त्याच्या विम्याच्या कागदावर अवलंबून असते. ही दुसरी बाजू सामान्यतः अपघातानंतरच लक्षात येते.

शब्द आणि संज्ञा

‘लिफ्ट’ हा इंग्रजी शब्द मराठीत पूर्णपणे रुळला आहे. ‘लिफ्ट मागणे’, ‘लिफ्ट देणे’ हे प्रयोग खेड्यापाड्यांतही ऐकू येतात. त्याआधीपासून चालत आलेला प्रयोग ‘गाडीला हात करणे’ हा आहे आणि तो अधिक नेमका आहे. अंगठा वर करून उभे राहण्याची पाश्चात्त्य खूण येथे फारशी प्रचलित नाही. हात आडवा धरून तळवा खालीवर हलवणे हीच सर्वांना समजणारी खूण होय. राज्य परिवहन महामंडळाने ग्रामीण मार्गांवर थांब्याशिवायही प्रवासी घेण्यासाठी ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही योजना राबवली तेव्हा याच खुणेला एक प्रकारे अधिकृत मान्यता मिळाली. (माहूरगडावरील रेणुकामंदिरासाठी उद्वाहक बसवण्याची योजना आल्यापासून ‘लिफ्ट’ या शब्दाला त्या गावात दुसराही अर्थ आला आहे, प्रस्तुत लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.)

लिफ्ट आणि भाड्याचा प्रवास यांत फरक करणे आवश्यक आहे. पैसे घेऊन प्रवासी नेणारी काळी-पिवळी जीप, टमटम किंवा पिकअप ही लिफ्ट नव्हे. परवाना नसताना असे प्रवासी नेले तर वृत्तपत्रे त्याला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ म्हणतात. प्रत्यक्षात मात्र ही सीमारेषा पुसट असते. उतरताना चालकाच्या हातात दहा-वीस रुपये ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि त्या नोटेने प्रवासाचे कायदेशीर स्वरूप बदलू शकते.

माहूर परिसर

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकादेवीचे स्थान आहे. दत्तात्रेयांचे जन्मस्थान म्हणूनही परंपरा त्याला मानते. गावालगतच्या डोंगरांवर रेणुकामंदिर, दत्तशिखर व अनसूयामंदिर आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ लागतो. दक्षिणेला व पूर्वेला किनवट तालुका आणि त्यापलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. सागवानाचे जंगल, घाटाचे रस्ते आणि एकमेकांपासून दूर असलेली वाड्या-तांडे-गुडे ही या भागाची ओळख आहे. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती येथे मोठी आहे.

१९५६ पूर्वी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. त्यावेळी माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू केली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. माहूर हा स्वतंत्र तालुका नंतर किनवटमधून वेगळा करण्यात आला. राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा अशा बदलत गेल्या, पण लोकांची ये-जा जुन्या वाटांनीच चालू राहिली. माहूरचा माणूस बाजारासाठी, दवाखान्यासाठी किंवा सोयरिकीसाठी नांदेडइतकाच पुसद, आर्णी, यवतमाळ आणि आदिलाबादकडे जातो. बसचे नियोजन मात्र आगार व विभाग यांच्या हद्दींनुसार होते.

माहूरला रेल्वे नाही. सर्वांत जवळचे रेल्वेस्थानक मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट येथे आहे. तेथून माहूरपर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. महामंडळाच्या नांदेड विभागाचे एक आगार माहूरला आहे. त्यामुळे मुख्य रस्त्यावर दिवसा बस मिळते. अडचण असते ती आडमार्गांवर. एखाद्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या असतात: एक सकाळी आणि एक सायंकाळी गावात येऊन तेथेच रात्र काढणारी. हिला ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. मुक्कामी गाडी चुकली तर फाट्यापासून गावापर्यंतचे पाच-सात किलोमीटर पायी जाणे किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलला हात करणे, एवढेच दोन मार्ग उरतात. या भागात लिफ्ट मागितली जाते ती मुख्यतः याच शेवटच्या टप्प्यासाठी.

प्रत्यक्ष व्यवहार

माहूर-किनवट पट्ट्यातील लिफ्टचा प्रवास साधारणपणे तीन प्रकारच्या वाहनांतून होतो: मोटारसायकल, मालवाहू वाहन (ट्रक, पिकअप, ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा लहान टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली) आणि खासगी मोटार. मोटारसायकल सर्वांत सहज मिळते, कारण चालक बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो. “कोणत्या गावचे? कोणाचे?” या दोन प्रश्नांत ओळख निघते. शहरी लिफ्टपेक्षा ग्रामीण लिफ्ट वेगळी ठरते ती येथे. चालक व्यक्तिशः अनोळखी असला तरी त्याचे गाव अनोळखी नसते. ओळखीचे हे जाळे हाच गैरवर्तनाविरुद्धचा मोठा अटकाव आहे. बाहेरगावच्या पर्यटकाला मात्र तो लाभत नाही.

वेळेचेही गणित आहे. सकाळी वाहने तालुक्याच्या गावाकडे व बाजारगावांकडे जातात आणि सायंकाळी परततात. या प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्याला लिफ्ट लवकर मिळते, उलट दिशेला जाणाऱ्याला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी वाहने भरपूर असतात, पण भरलेलीही असतात. रात्री आठनंतर जंगलातील रस्त्यावर वाहन क्वचितच थांबते. वाहनाच्या दिव्यांत अचानक दिसलेल्या माणसासाठी थांबायला चालकही भितो, हे लक्षात घेतले पाहिजे. लिफ्टमधला अविश्वास दोन्ही बाजूंनी असतो.

यात्रेच्या काळात चित्र पालटते. शारदीय नवरात्रात, दत्तजयंतीला आणि श्रावणातील राखीपौर्णिमेच्या परिक्रमेला माहूरला मोठी गर्दी लोटते. नवरात्रात रेणुकेची ज्योत पायी आपल्या गावी नेणारी तरुण मंडळे रस्त्यावर दिसतात, आणि त्यांच्यामागे टेम्पो असतो. या दिवसांत गडाच्या घाटरस्त्यावर खासगी वाहनांना मज्जाव करून महामंडळाच्या बस सोडल्या जातात. साहजिकच गडावर जाण्यासाठी लिफ्टची गरज उरत नाही. ती भासते परतीच्या रात्री, जेव्हा बसला रांग लागलेली असते आणि रिकामा परतणारा टेम्पोवाला “चला, बसा मागं” म्हणतो.

समृद्धी महामार्ग किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग अशा प्रवेश-नियंत्रित रस्त्यांवर लिफ्ट मागणे व्यवहार्यही नाही आणि नियमाला धरूनही नाही. तेथे पादचाऱ्यांना मनाई आहे आणि वाहन मध्येच थांबवणे धोक्याचे आहे. माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही शक्तिपीठे जोडण्याच्या उद्देशाने आखलेला नागपूर–गोवा महामार्ग याच पद्धतीचा असणार आहे. तो झाला तरी फाट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला त्याचा थेट उपयोग होणार नाही.

कायदेशीर स्थिती

भारतात लिफ्ट मागण्यास किंवा देण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ६६ परवान्यासंबंधी आहे. भाडे किंवा मोबदला घेऊन प्रवासी नेण्यासाठी वाहनाला परवाना लागतो. खासगी वाहनाने कोणताही मोबदला न घेता कोणाला बसवून नेले, तर या कलमाचा भंग होत नाही. पैसे घेतले की प्रश्न निर्माण होतो. विनापरवाना वाहतुकीसाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे. प्रवास फुकट होता की भाड्याचा, हे रस्त्यावर ठरवणे सोपे नसते. २०१८ मध्ये नवी मुंबईतील ऐरोली येथे पावसात अनोळखी लोकांना मोटारीत घेतल्याबद्दल आपल्यावर कारवाई झाल्याची एका वाहनचालकाची तक्रार समाजमाध्यमांवर गाजली होती. मदत करणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो, अशी समजूत त्यामुळे पसरली. ती पूर्णपणे बरोबर नसली तरी अगदीच निराधारही नाही.

प्रवासखर्च वाटून घेण्याच्या पद्धतीला केंद्र शासनाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मर्यादित स्थान दिले. नोंदणीकृत ॲपच्या माध्यमातून खासगी मोटारीला दिवसाला शहरांतर्गत चार आणि आठवड्याला दोन आंतरशहरी सामायिक फेऱ्यांची मर्यादा त्यात घातली होती. ही सोय मोठ्या शहरांसाठी होती. वाई बाजारच्या फाट्यावर तिचा उपयोग नाही.

मोटारसायकलवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते आणि मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण सक्तीचे आहे. लिफ्ट मागणाऱ्याजवळ ते जवळजवळ कधीच नसते. ‘ट्रिपल सीट’ हा प्रकार ग्रामीण भागात नित्याचा असला तरी त्यासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिने अनुज्ञप्ती अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. मालवाहू वाहनात प्रवासी नेणे हा नियमभंग आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी, तसेच वाहनावरील कामगार यांचा मर्यादित अपवाद तेवढा आहे.

विमा आणि नुकसानभरपाई

लिफ्टच्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला भाग हा आहे. प्रत्येक वाहनाला विमा असतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई देते, असा सर्वसाधारण समज आहे. फुकट बसलेल्या प्रवाशाच्या बाबतीत तो बऱ्याचदा खोटा ठरतो.

कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा ‘तृतीय पक्ष’ विमा होय. रस्त्यावरील पादचारी, दुसऱ्या वाहनातील माणसे यांना आपल्या वाहनामुळे झालेली हानी तो भरून देतो. आपल्याच वाहनात मोबदल्याविना बसलेली व्यक्ती ही या अर्थाने तृतीय पक्ष ठरते का, हा वादाचा मुद्दा होता. न्यायालयीन भाषेत अशा व्यक्तीला ‘निःशुल्क प्रवासी’ म्हणता येईल.

मालवाहू वाहनांच्या बाबतीत हा वाद दीर्घकाळ चालला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १४७ मध्ये मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश केला. माल घेऊन जाणारा शेतकरी त्यामुळे संरक्षित झाला, पण रिकाम्या हाताने ट्रकमध्ये चढलेल्या माणसाचे काय, हे स्पष्ट झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका निकालात विमा कंपनीची जबाबदारी मान्य केली. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला आणि मालवाहू वाहनातील निःशुल्क प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही असे ठरवले. २००४ मध्ये हीच भूमिका कायम ठेवताना न्यायालयाने एक मध्यम मार्ग काढला: कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी. ‘द्या आणि वसूल करा’ या नावाने ओळखला जाणारा असा आदेश पुढेही काही प्रकरणांत, उदाहरणार्थ २०१७ मध्ये, देण्यात आला. तो प्रत्येक प्रकरणात मिळेलच असे नाही.

मोटारसायकल व खासगी मोटार यांच्याबाबतीत २००६ च्या निकालाने तेच तत्त्व लागू केले. केवळ कायद्यापुरता, म्हणजे तृतीय पक्ष विमा असेल तर मागे बसलेल्या निःशुल्क प्रवाशाच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही. याउलट सर्वसमावेशक, म्हणजेच ‘पॅकेज’ पॉलिसी असेल तर मोटारीतील सहप्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांचा समावेश होतो. विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला.

या कोरड्या भेदाचा माहूरसारख्या ठिकाणी होणारा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. खेड्यातील मोटारसायकल बहुधा जुनी असते. तिचा पॅकेज विमा पहिल्या वर्षानंतर चालू ठेवला जात नाही. केवळ तृतीय पक्ष विमा असतो किंवा तोही संपलेला असतो. अशा गाडीवर कोणी भल्या माणसाने एखाद्या म्हाताऱ्याला फाट्यापासून गावापर्यंत बसवून घेतले, घाटात गाडी घसरली आणि म्हातारा दगावला, तर मृताच्या कुटुंबाला दावा करता येतो. पण भरपाईचा बोजा विमा कंपनीवर न पडता त्या मोटारसायकलच्या मालकावर पडतो. मालक अल्पभूधारक असेल तर त्याची शेती धोक्यात येते, आणि त्याच्याकडे काहीच नसेल तर मृताच्या कुटुंबाच्या हाती हुकूमनामा तेवढा राहतो. उपकार करणारा आणि उपकार घेणारा असे दोघेही बुडतात. चालकाने स्वतःसाठी घेतलेले पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण येथे उपयोगी पडत नाही, कारण ते मालक-चालकापुरतेच असते.

लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा टेम्पोतून जाणारे वऱ्हाड याच नियमाच्या कक्षेत येते. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी असतो. ट्रॉली उलटल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि प्रत्येक बातमीनंतर मृतांच्या वारसांना भरपाई कोण देणार हा प्रश्न न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे रेंगाळतो.

अपघात दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाला असेल तर स्थिती अनुकूल असते. त्या दुसऱ्या वाहनाच्या दृष्टीने लिफ्ट घेणारा तृतीय पक्षच असतो आणि त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळू शकते. चूक दोन्ही वाहनांची असेल तर प्रवाशाला दोहोंपैकी कोणत्याही एकाकडून संपूर्ण भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यात अपघात कसा घडला याची नोंद नीट होणे फार महत्त्वाचे ठरते. धडक देऊन वाहन पळून गेले तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची शासकीय योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी त्याच तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळू शकतात. जखमी व्यक्ती भाडे देऊन बसली होती की फुकट, याचा या उपचारांशी संबंध नाही.

सुरक्षितता

लिफ्टच्या धोक्यांविषयी बोलताना लूट, फसवणूक व अत्याचार यांचा विचार प्रथम मनात येतो. संख्येच्या दृष्टीने मोठा धोका अपघाताचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. लिफ्ट सर्वांत सहज मिळते ते वाहन हेच. शिरस्त्राणाविना मागे बसणे, जीपच्या टपावर किंवा मागच्या पायरीवर लटकणे, पिकअपच्या हौद्यात मालावर बसणे हे प्रकार चालक कितीही सज्जन असला तरी धोक्याचेच आहेत. मद्य प्यालेला चालक ओळखणे त्या मानाने सोपे असते. झोपेला आलेला ट्रकचालक ओळखणे कठीण असते, आणि रात्रीच्या लांब पल्ल्याच्या लिफ्टमध्ये तोच जास्त भेटतो.

गुन्ह्यांचा प्रश्न यामुळे गौण ठरत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर मुळीच नाही. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत ज्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला, ती नियमित प्रवासी सेवेची बस नव्हती. प्रवाशांना हाक मारून बसवणारे ते खासगी वाहन होते. रात्री सार्वजनिक वाहन न मिळाल्याने समोर आले त्या वाहनात चढावे लागणे, हा त्या घटनेचा पहिला दुवा होता. ग्रामीण भागात पंचक्रोशीतील ओळख हा अटकाव असला तरी त्याची दुसरी बाजूही आहे. परक्याच्या गाडीवर बसलेल्या मुलीविषयी गावात चर्चा होते, आणि त्या धास्तीने पालक तिची शाळाच थांबवतात. वाहनाची गैरसोय आणि मुलींचे शिक्षण सुटणे यांचा संबंध येथे फार जवळचा आहे.

हे ओळखूनच शासनाने काही उपाय केले आहेत. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी गाव ते शाळा अशा स्वतंत्र एसटी बस चालवल्या जातात. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, तर ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. पूर्वी पैसे वाचवण्यासाठी टेम्पोला हात करणारी वृद्ध माणसे आता बसची वाट पाहतात. सवलत मात्र बस येत असेल तरच उपयोगाची. फेरी रद्द झाली की पास खिशात राहतो.

लिफ्ट घेणे अटळच असेल तेव्हा अनुभवी प्रवासी काही पथ्ये पाळतात. उजेड व वर्दळ असलेल्या ठिकाणी, शक्यतो चहाच्या टपरीपाशी उभे राहावे, कारण तेथील माणसांना चालक आणि प्रवासी दोघेही दिसतात. चालकाने गावाचे नाव विचारण्याआधी आपणच “कुठपर्यंत जाणार?” असे विचारावे; उत्तर संशयास्पद वाटले तर आपले गाव वेगळे असल्याचे सांगून नकार देता येतो. वाहनाचा क्रमांक चढण्यापूर्वीच घरी कळवावा, कारण जंगलातील काही पट्ट्यांत मोबाइलला संपर्क मिळत नाही. सामान मांडीवरच ठेवावे. पोलीस व अन्य आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ नुसार कायदेशीर संरक्षण आहे. तरीही पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने लोक थांबत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

एसटी संपाचा काळ

लिफ्ट ही व्यवस्थेची जागा घेऊ शकते का, याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१–२२ मध्ये घेतला. शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू केलेला संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला. जवळजवळ सहा महिने ग्रामीण भागातील बससेवा पूर्णतः किंवा अंशतः बंद होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने खासगी व शालेय बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली. एरवी ज्या प्रकाराला नियमभंग म्हटले जाते त्याला काही काळ परवानगी मिळाली. अर्थात परवाना आणि विमा या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकीची अट शिथिल झाली म्हणून दुसरीचे संरक्षण आपोआप मिळत नाही. किनवट व माहूरसारख्या रेल्वे तुटपुंजी किंवा मुळीच नसलेल्या तालुक्यांत या काळात काळी-पिवळी आणि मोटारसायकल यांवरच भिस्त होती. ज्यांच्या घरी दुचाकी होती त्यांचे काम चालले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात जावे लागणाऱ्या रुग्णांना आणि महाविद्यालयीन मुलींना लिफ्टने तारले असे म्हणता येत नाही.

इतर देशांत

काही देशांनी लिफ्टलाच सार्वजनिक व्यवस्थेचे रूप देऊन पाहिले. क्यूबामध्ये १९९० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर इंधनटंचाई झाली. तेव्हा रस्त्यांवर पिवळ्या गणवेशातील कर्मचारी नेमण्यात आले. रिकामी सरकारी वाहने थांबवून रांगेतील प्रवाशांना त्यांत बसवणे हे त्यांचे काम होते, आणि अशा वाहनांना थांबणे बंधनकारक होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन परिसरात कार्यालयीन वेळेत ठरावीक ठिकाणी रांगेत उभे राहून अनोळखी मोटारीत विनामूल्य बसण्याची पद्धत रूढ आहे. अधिक प्रवासी असलेल्या मोटारींसाठी राखीव असलेल्या मार्गिकेतून जाता यावे म्हणून चालकांनाच तेथे सोबत हवी असते.

पोलंडमधील प्रयोग विमा प्रश्नाच्या संदर्भात सर्वांत बोधप्रद आहे. तेथे १९५८ पासून उन्हाळी हंगामात लिफ्ट घेणाऱ्यांना अधिकृत पुस्तिका विकत मिळत असे. प्रवासी जितके किलोमीटर जाई तितक्या अंतराची कुपने फाडून चालकाला देई. हंगामाअखेर सर्वाधिक कुपने जमवणाऱ्या चालकांना बक्षिसे दिली जात. पुस्तिकेच्या किमतीत प्रवाशाचा अपघात विमाही समाविष्ट असे. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती.